कॅननबॉल आणि समोर बसलेली माणसं

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रॉडवे रस्त्यावर 'जॅझ वर्कशॉप' नावाचा एक क्लब होता. ऑक्टोबर 1959 मध्ये तिथे मुद्रित झालेली एक एलपी लावली, की आधी वाद्य वाजत नाही, एक माणूस बोलायला लागतो. आवाज भरदार, घाई अजिबात नाही. आता जे वाजणार आहे तो जॅझमधला वॉल्ट्झ आहे आणि त्याची मुळं चर्चच्या संगीतात आहेत, असं तो सांगतो. चर्च म्हणजे बाखचं नव्हे बरं का, ते वेगळं, अशी पुस्तीही जोडतो. मग आपल्या पियानोवादकाची ओळख करून देतो, रचनेचं नाव सांगतो, 'धिस हिअर', आणि तेच नाव बोलीभाषेत कसं उच्चारायचं तेही ऐकवतो. लोक हसतात. पियानो सुरू होतो आणि त्यानंतरची दहा-अकरा मिनिटं समोरचे लोक काही गप्प बसत नाहीत.

बोलणारा माणूस म्हणजे ज्युलियन 'कॅननबॉल' अ‍ॅडर्ली, हार्ड बॉप शैलीतला अव्वल ऑल्टो सॅक्सोफोनवादक. 1955 ते 1975 या वीस वर्षांत त्याने इतकं मुद्रित करून ठेवलं आहे, की नवा श्रोता गोंधळून जातो. कोणत्या कंपनीची रेकॉर्ड, कोणत्या साली, कोणता पियानोवादक, या तपशिलांत शिरण्याआधी माझी एक साधी कसोटी आहे: मुद्रण होत असताना समोर माणसं बसली होती का? अ‍ॅडर्लीच्या बाबतीत ही कसोटी सहसा फसत नाही.

आपल्याकडे सॅक्सोफोन कानावर पडला तो मुख्यतः हिंदी सिनेमातून, मनोहारी सिंग यांच्यासारख्या वादकांच्या फुंकीतून. तिथे तो बहुतेक वेळा गाण्याच्या दोन कडव्यांमधली जागा भरतो. जॅझमध्ये तो मुख्य गायकाच्या जागी उभा असतो. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य धातूचं असलं, तरी आवाज निघतो तो तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून. त्यामुळे फुंकर आणि ओठांचा दाब बदलला, की सूर वाकतो, खरखरतो, कण्हतो. ऑल्टो हा या घराण्यातला टेनरपेक्षा लहान आणि वरच्या पट्टीतला भाऊ. अनेकांच्या हातात तो किंचित चिरका लागतो. अ‍ॅडर्लीचा ऑल्टो मात्र गोल, रुंद आणि तेल दिल्यासारखा तुळतुळीत.

आता हार्ड बॉपविषयी. 1940 च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप घडवला. लय अतिद्रुत, स्वरसंगती गुंतागुंतीची, आणि नाचायला आलेल्या माणसाची फारशी पर्वा नाही. त्यानंतर विशेषतः कॅलिफोर्नियात शांत, मोजूनमापून वाजवलेला कूल जॅझ बहरला. पूर्वेकडच्या शहरांतल्या काळ्या वादकांना त्यात आपलं घर दिसेना. आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर यांच्या पिढीने 1950 च्या दशकाच्या मध्यावर बीबॉपची भाषा तशीच ठेवली, पण तिच्यात ब्लूज आणि काळ्या वस्तीतल्या चर्चचं गॉस्पेल मिसळलं. ड्रम जड झाले, धुन लक्षात राहण्याजोग्या झाल्या. रचनेचा आराखडा सोपा असतो: ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून धुन वाजवतात, मग बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचं तेच आवर्तन फिरत राहतं आणि एकेक वादक त्यावर आपली उपज मांडतो, शेवटी पुन्हा धुन. चर्चमधून आलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाक आणि प्रतिसाद. धर्मोपदेशक एक वाक्य म्हणतो, समोरून ओ येते. हार्ड बॉपच्या धुनांमध्ये ही ओ देण्याची जागा बांधलेलीच असते. ती ओ श्रोत्यांकडून आली, तर बात काही औरच.

अ‍ॅडर्ली मूळचा शिक्षक. जन्म 15 सप्टेंबर 1928, फ्लोरिडातल्या टँपा शहरात. आईवडील दोघेही शिक्षक, वडील कॉर्नेट वाजवायचे. शाळेत असताना त्याच्या खादाडपणामुळे पोरं त्याला 'कॅनिबल' म्हणायची; त्याचंच पुढे 'कॅननबॉल' झालं. फोर्ट लॉडरडेलच्या डिलार्ड हायस्कूलमध्ये तो बँड शिकवत असे. 1955 च्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ नॅट याच्यासह तो न्यूयॉर्कला गेला. तिथल्या 'कॅफे बोहेमिया'मध्ये बासवादक ऑस्कर पेटिफर्डचा बँड वाजवत होता आणि त्यांचा सॅक्सोफोनवादक वेळेवर पोचला नव्हता. गावाकडून आलेल्या या जाडजूड मास्तरला मंचावर बोलावलं गेलं. पेटिफर्डने त्याला जोखायला मुद्दाम भन्नाट वेगाची लय धरली आणि पाहुण्याने ती लीलया पेलली, असं जॅझच्या जगात आजही सांगतात. चार्ली पार्करला जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. शहर त्याचा वारस शोधत होतं आणि तो आयता दारात आला, अशी हवा पसरली.

ही हवा त्याला सोयीची होती तशी जाचकही. पार्करचा प्रभाव त्याच्या वादनात उघड आहे. वेगवान स्वरांची सलग माळ, तिला मध्येच दिलेला झटका, हे सगळं त्याच्याकडे आहे. पण पार्करच्या स्वरात असलेली धार आणि अस्वस्थता अ‍ॅडर्लीत नाही. तो मुळातच आनंदी वादक. जुन्या पिढीतल्या बेनी कार्टरचा गुळगुळीत सूर, पार्करचा वेग आणि दक्षिणेतल्या ब्लूजचा ओलावा असं काहीसं ते मिश्रण होतं. गंभीर चेहऱ्याच्या समीक्षकांना हा आनंद पुढे खटकू लागला. आनंद म्हणजे उथळपणा, असं मानणारे लोक सगळ्याच कलांमध्ये असतात.

पहिल्या काही वर्षांतल्या त्याच्या रेकॉर्ड मी भराभर ओलांडते. सॅव्हॉयसाठी 1955 मध्ये केलेली मुद्रणं ताजी आहेत, पण ती न्यूयॉर्कशी झालेली तोंडओळख. मग मर्क्युरी कंपनीच्या एमआर्सी लेबलने त्याला करारबद्ध केलं आणि लगेच त्याच्यामागे व्हायोलिनचा ताफा बसवला, कारण पार्करनेही तसं केलं होतं. नॅटबरोबर काढलेला पहिला बँड वाजवत छान होता, पण पैशाचं गणित जमेना. 1957 मध्ये तो मोडला.

नेमका तेव्हा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस त्याची वाट पाहत होता. 1957 च्या शरद ऋतूत अ‍ॅडर्ली डेव्हिसच्या बँडमध्ये गेला. थोड्याच दिवसांत टेनर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन परतला आणि जॅझच्या इतिहासातला बहुधा सर्वांत नामांकित सेक्स्टेट, म्हणजे सहा वादकांचा संच, तयार झाला. 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 रोजी मुद्रित झालेल्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'सो व्हॉट'मध्ये या दोन सॅक्सोफोनांचा फरक स्वच्छ कळतो. आधी कोल्ट्रेन येतो: टोकदार, शोधत जाणारा, एकेका स्वरपंक्तीला आतून-बाहेरून तपासणारा. त्याच्यामागून अ‍ॅडर्ली येतो आणि वाटतं, कुणीतरी खोलीची खिडकी उघडली. स्वरसंगती तीच, पण तो मध्येच ब्लूजची एखादी लकेर सोडतो आणि मांडणीतला ताण सैल होतो. डेव्हिसला दोघंही का हवे होते, ते इथे समजतं.

याच काळात, 9 मार्च 1958 रोजी, ब्लू नोट कंपनीसाठी 'समथिंग एल्स' झाली. नाव अ‍ॅडर्लीचं, पण ट्रम्पेटवर खुद्द डेव्हिस, पियानोवर हँक जोन्स, बासवर सॅम जोन्स, ड्रमवर आर्ट ब्लेकी. यातलं 'ऑटम लीव्ज' जवळजवळ अकरा मिनिटांचं आहे आणि जगभरच्या जॅझच्या याद्यांमध्ये त्याचं स्थान पक्कं आहे. ते योग्यच आहे. मात्र धुन डेव्हिस वाजवतो, वातावरण डेव्हिसचं, आणि दुसऱ्या बाजूला 'वन फॉर डॅडी-ओ' संपताना निर्मात्याला 'हेच हवं होतं ना?' असं घोगऱ्या आवाजात विचारणाराही डेव्हिसच. रेकॉर्ड अप्रतिम आहे. अ‍ॅडर्लीचं घर मात्र अजून सापडलेलं नाही. डेव्हिसचा बँड शिकागोत असताना 3 फेब्रुवारी 1959 रोजी बाकीच्या पाच जणांनी डेव्हिसशिवाय केलेली एलपी याच्या अगदी उलट आहे: सगळे सुट्टी मिळाल्यासारखे वाजवत सुटलेत.

सप्टेंबर 1959 मध्ये अ‍ॅडर्लीने डेव्हिसला सोडलं आणि नॅटला घेऊन पुन्हा बँड उभा केला. नॅट कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आटोपशीर भाऊबंद, आवाज जरा बसका आणि ऊबदार. बासवर सॅम जोन्स, ड्रमवर लुई हेज, पियानोवर बॉबी टिमन्स. या टिमन्सनेच आदल्या वर्षी ब्लेकीच्या बँडला 'मोनिन' ही चर्चच्या सुरावटीतली धुन दिली होती. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज सॅन फ्रान्सिस्कोला आला. मनासारखा स्टुडिओ तिथे मिळेना आणि क्लबात तर रोज रात्री लोक उसळत होते, तेव्हा त्याने यंत्रसामग्रीच क्लबात नेली. नवा बँड उभा राहून जेमतेम महिना झाला होता. या मुद्रणातली रेकॉर्ड अपेक्षेबाहेर खपली. थेट मैफलीचं मुद्रण आधीही होत असे, पण श्रोत्यांचा आवाज हा दोष न मानता मालमत्ता मानण्याची रीत इथून पुढे जॅझच्या धंद्यात रुजली, असं म्हणायला जागा आहे.

'धिस हिअर' नीट ऐका. तीन मात्रांचा ठेका आहे, पण व्हिएन्नाच्या वॉल्ट्झसारखा तरंगत नाही. पायाने दाबून टाकलेला आहे. टिमन्स डाव्या हाताने तीच आकृती पुन्हापुन्हा ठोकतो. अ‍ॅडर्लीचा सोलो आधी छोट्या तुकड्यांत येतो, प्रत्येक तुकड्यानंतर थोडी जागा. त्या जागेत क्लबातून कुणीतरी ओरडतं. पुढचा तुकडा त्या ओरडण्याला धरून थोडा वर चढतो. आपल्या मैफलीत चांगली दाद मिळाली की गवई तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो, तसाच हा व्यवहार आहे. स्टुडिओत हे घडणं अवघड, कारण तिथे काचेपलीकडे फक्त निर्माता असतो.

पुढची चार वर्षं हा बँड रिव्हरसाइडचा कणा झाला. नॅटची 'वर्क साँग' 1960 मध्ये आली. फ्लोरिडात लहानपणी त्याने रस्त्यांवर साखळदंडातल्या कैद्यांना गात काम करताना पाहिलं होतं, त्यातून ती धुन आली. हाक आणि प्रतिसाद इथे हातोड्याच्या घावासारखे एकाआड एक पडतात. ऑस्कर ब्राउन ज्युनियरने तिला शब्द दिले आणि नीना सिमोनने ती गायली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या 'लाइटहाउस' क्लबात झालेल्या मुद्रणात पियानोवर इंग्लंडहून आलेला व्हिक्टर फेल्डमन आहे. अ‍ॅडर्लीची स्वतःची 'सॅक ओ वो' तिथे ऐकावी. ब्लूजचा बारा मात्राखंडांचा साचा इतका खेळकर क्वचितच वाजतो. याच दिवसांतली स्टुडिओतली एक रेकॉर्ड मात्र कसोटीला अपवाद आहे: पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर 1961 मध्ये केलेली 'नो व्हॉट आय मीन?'. एव्हान्सच्या शेजारी बसून तोही हळू आवाजात बोलू लागतो.

मास्तरकी सुटली नव्हतीच. 1961 मध्ये रिव्हरसाइडने मुलांना जॅझची ओळख करून देणारी एक रेकॉर्ड काढली, तिचं निवेदन अ‍ॅडर्लीचं. इंडियानापोलिसमध्ये गिटारवादक वेस माँटगोमरीला ऐकून थक्क झाल्यावर त्याने कीपन्यूजला गळ घातली, याला लगेच करारबद्ध कर. कीपन्यूजने ऐकलं आणि जॅझ गिटारचा पुढचा इतिहास बदलला.

1961 मध्ये दोन माणसं आली आणि बँडचा स्वभाव पालटला. पियानोवर व्हिएन्नाचा जो झाविनुल. तो त्यात नऊ वर्षं टिकला. आणि युसेफ लतीफ, टेनर सॅक्सोफोनबरोबर बासरी आणि ओबो वाजवणारा, पूर्वेकडच्या संगीताचा जुना अभ्यासक. पाचाचे सहा झाले. जानेवारी 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये झालेलं मुद्रण माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातलं सर्वोत्तम आहे. सुरुवातीला अ‍ॅडर्ली श्रोत्यांचं कौतुक करतो: न्यूयॉर्कमध्ये मुद्रण करायची आम्हाला धास्ती होती, पण तुम्ही खरे जाणकार निघालात, उगाच जाणकारीचा आव आणत नाही. लोकांना गोंजारल्यावर तो त्यांना जिमी हीथची 'जेमिनी' ऐकवतो. ती सोपी नाही. लतीफची 'सिनअँथेसिया' तर त्याहून विचित्र, ओबोच्या सानुनासिक सुरात गुंडाळलेली. इथे त्याच्या बोलण्याचं खरं काम दिसतं. लोकांना हसवून, विश्वासात घेऊन तो त्यांना अशा ठिकाणी नेतो, जिथे ते आपणहून गेले नसते. विनोदी निवेदन आणि अवघड संगीत यांत त्याला विरोध वाटत नव्हता, आणि जॅझच्या दुनियेत असा विचार करणारे तेव्हाही थोडेच होते. डेव्हिस तर श्रोत्यांशी चकार शब्द बोलत नसे.

जुलै 1963 मध्ये हा सेक्स्टेट टोकियोत वाजवून आला. 'निप्पॉन सोल' ही रेकॉर्ड तिथलीच. त्या वर्षाअखेर रिव्हरसाइडचा मालक बिल ग्राउअर वारला, पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि अ‍ॅडर्ली कॅपिटलकडे गेला. कॅपिटल म्हणजे मोठं घर, बीटल्सच्या अमेरिकेतल्या रेकॉर्ड तिथूनच निघायच्या. त्यांनी त्याच्याकडून 'फिडलर ऑन द रूफ' या संगीत नाटकाच्या धुनाही वाजवून घेतल्या. ठीक आहे, पोट सगळ्यांना असतं.

मग 1966 चा तो प्रसिद्ध बनाव. 'मर्सी, मर्सी, मर्सी! लाइव्ह अ‍ॅट द क्लब' या रेकॉर्डच्या पाठीवर शिकागोतल्या एका क्लबाचं वर्णन छापलेलं होतं. प्रत्यक्षात मुद्रण झालं हॉलिवूडला, कॅपिटलच्या स्टुडिओत. निर्माता डेव्हिड अ‍ॅक्सलरॉड. त्यांनी पाहुण्यांना बोलावलं, दारूची सोय केली आणि स्टुडिओचाच क्लब करून टाकला. आरडाओरड खरी, माणसं खरी, पत्ता तेवढा खोटा. मला या लबाडीचा राग येत नाही. हा बँड माणसांशिवाय अर्धा आहे, हे कंपनीला कळलं होतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

शीर्षकाची धुन झाविनुलची. व्हिएन्नात वाढलेल्या गोऱ्या माणसाने काळ्या चर्चचा इतका अस्सल सूर कसा पकडला, याचं आश्चर्य तेव्हाही लोकांना वाटलं. तो विजेवर चालणारा वुर्लिट्झर पियानो वाजवतो, तेव्हा तो आवाज जॅझमध्ये नवा होता. अ‍ॅडर्ली आधी दोन शब्द बोलतो: संकट येतं तेव्हा कधीकधी काय करावं सुचत नाही, असं काहीसं. मग संथ लय, धुन हळूहळू चढत जाते, वर पोचल्यावर लोक ओरडतात, आणि सगळं पुन्हा खाली उतरतं. गंमत म्हणजे या तुकड्यात अ‍ॅडर्लीचा सोलोच नाही. त्याचं सर्वाधिक खपलेलं गाणं, आणि तो नॅटबरोबर फक्त धुन वाजवतो. 1967 मध्ये त्याची सिंगल अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 11 व्या क्रमांकापर्यंत गेली. शब्द नसलेल्या जॅझच्या तुकड्याला हे भाग्य क्वचित लाभतं. पाठोपाठ ग्रॅमी पुरस्कारही आला.

यानंतर तो बाजाराला विकला गेला, असा सूर निघाला. अर्धा खरा आहे. 1967 नंतरच्या काही रेकॉर्डमध्ये एकच युक्ती पुन्हापुन्हा वापरलेली दिसते. पण ऑक्टोबर 1969 मध्ये शिकागोत 'ऑपरेशन ब्रेडबास्केट'च्या सभेत मुद्रित झालेली 'कंट्री प्रीचर' ऐकली, की हा आक्षेप कोता वाटतो. 'ऑपरेशन ब्रेडबास्केट' ही मार्टिन ल्युथर किंग यांच्या संघटनेची काळ्या वस्तीतल्या रोजगारासाठी लढणारी शाखा. तिचे पुढारी रेव्हरंड जेसी जॅक्सन मंचावर बँडची ओळख करून देतात. किंग यांची हत्या होऊन दीड वर्ष झालं होतं. शीर्षकाची धुन पुन्हा झाविनुलची. अगदी हलक्या आवाजात सुरू होते, मध्येच थबकते, आणि प्रत्येक थबकण्यावर सभा ओ देते. इथे बनावाची गरजच नव्हती.

झाविनुल 1970 मध्ये बाहेर पडला आणि त्याने 'वेदर रिपोर्ट' हा बँड काढला. त्याच्या जागी जॉर्ज ड्यूक आला. शेवटच्या रेकॉर्ड विद्युत वाद्यांनी भरलेल्या, काही विस्कळीत, काही धाडसी. 8 ऑगस्ट 1975 रोजी इंडियाना राज्यातल्या गॅरी गावी, पक्षाघाताच्या झटक्यानंतर काही आठवड्यांनी, अ‍ॅडर्ली गेला. वय 46. पुढच्या वर्षी वेदर रिपोर्टच्या 'ब्लॅक मार्केट'मध्ये झाविनुलने त्याच्या नावाचीच एक रचना वाजवली.

बहुतेक मार्गदर्शक याद्या नव्या श्रोत्याला 'समथिंग एल्स'कडे पाठवतात आणि तिथेच सोडून देतात. ती ऐकाच. पण त्यानंतर 1959 ची सॅन फ्रान्सिस्को, 1962 ची व्हिलेज व्हॅनगार्ड आणि 1969 ची शिकागो, या तीन याच क्रमाने ऐका. आणि ऐकताना हेडफोन काढून ठेवा. घरात दोन-चार माणसं असतील तेव्हा मोठ्या आवाजात लावा.